क्रिस्तपुराण

क्रिस्तपुराण : येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील ओवीबद्ध मराठी महाकाव्य. कर्ता इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९). प्रथम मुद्रण राशोल (गोवा) येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत झाले. १६४९ व १६५४ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथाची ओवीसंख्या सु. ११,००० असून त्याचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ (३६ अवस्वरू) बायबलच्या जुन्या कराराच्या आधारे विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्तागमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा सांगते, तर ‘दुसरे पुराण’ (५९ अवस्वरू) ख्रिस्तचरित्र निवेदन करते.

मराठी वाङ्मयात या ग्रंथाचा विचार प्रायः भाषास्तुतीच्या प्रसिद्ध ओव्यांपुरता होतो. तथापि त्याच्या निर्मितीमागे ट्यूडरकालीन (१४८५–१६०३) इंग्लंडमधील धर्मसंघर्ष उभा आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय ग्रंथाच्या रूपाचा उलगडा होत नाही. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारली. पण इंग्रजी साहित्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाद धर्मग्रंथाच्या भाषेचा होता. विल्यम टिंडल याने नव्या कराराचे केलेले इंग्रजी भाषांतर १५२६ मध्ये परदेशात छापले गेले आणि १५३६ मध्ये त्याला पाखंडी म्हणून देहान्त शासन झाले. त्याचा प्रखर प्रतिपक्षी टॉमस मोर हाही त्यापूर्वीच, १५३५ मध्ये, पोपनिष्ठेपायी वधस्तंभावर गेला होता. १५३९ मध्ये राजाज्ञेने इंग्रजी बायबल चर्चमध्ये ठेवण्यात आले व १५४९ मध्ये टॉमस क्रॅन्मरच्या संपादनाखाली इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सिद्ध झाला. सामान्यांच्या बोलीला उपासनेची प्रतिष्ठा देणारे हे गद्य पुढील इंग्रजी साहित्याचा पाया ठरले.

प्रार्थनाग्रंथाच्या सुमारासच विल्टशर परगण्यातील बुशटन येथे जन्मलेला स्टीफन्स या वादात पराभूत पक्षाचा होता. एलिझाबेथ राणीच्या काळात कॅथलिकांवरील निर्बंध वाढत गेले. स्टीफन्स रोमला गेला व १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून तो ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचला. त्या प्रवासाविषयी वडिलांना लिहिलेले त्याचे पत्र रिचर्ड हॅक्लूटच्या प्रवासवृत्तसंग्रहात समाविष्ट झाले. मायदेशी राहिलेल्या वा परतलेल्या जेझुइटांचे भवितव्य वेगळे होते : एडमंड कॅम्पियनला १५८१ मध्ये व कवी रॉबर्ट साउथवेलला १५९५ मध्ये फाशी देण्यात आली. स्टीफन्सने मात्र उर्वरित आयुष्य मुख्यतः साष्टी भागात वेचले.

येथे त्याला जी भाषा लाभली, तिच्यात इंग्लंडमधील वाद जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता. विदर्भातील ऋद्धिपूर हे ज्यांचे प्रमुख केंद्र, त्या महानुभावांनी तेराव्या शतकात मराठीला धर्मभाषा मानले होते. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली होती. स्टीफन्स येथे आल्यावर पाच वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. गहन अध्यात्म आणि करुण कथा पेलण्यास सिद्ध झालेली ओवी त्याला आयती मिळाली. त्यामुळे त्याने टिंडलप्रमाणे भाषांतर केले नाही, तर पुराण रचले. हा भेद मूलभूत आहे. भाषांतर मूळ शब्दाला बांधलेले असते. पुराणकर्त्यास कथा निवडण्याची, विस्तारण्याची व श्रोत्यांच्या शंका निरसण्याची मोकळीक असते. प्रॉटेस्टंटांना अभिप्रेत असलेले लोकभाषेचे कार्य कॅथलिक परंपरेची चौकट न मोडता साधण्याचा मार्ग स्टीफन्सला या देशी रूपात सापडला, असे म्हणता येईल.

त्याची शैली या निवडीचे समर्थन करते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यांसारखे रूढ शब्द तो निःसंकोच योजतो. मराठीची थोरवी रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर अशा परिचित उपमानांनी गातो. जेथे कथा वाहते, तेथे ओवी सहज व प्रसन्न आहे. जेथे सिद्धांताचे विवरण किंवा मूर्तिपूजेचे खंडन येते, तेथे मात्र ती रुक्ष होते. भाषेत कोकणी रूपे व पोर्तुगीज पारिभाषिक शब्द मिसळलेले आहेत. तथापि तिचा घाट मराठीच आहे.

ग्रंथाचे मूल्यमापन एवढ्यावर थांबू शकत नाही. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, तर त्यांच्या जागी दुसरे काही का दिले जात नाही, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची विचारणा ग्रंथारंभी आली आहे. रचनेचे हे निमित्त निरागस नव्हे. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायपीठ स्थापन झाले होते, साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती आणि कुंकळ्ळी येथील १५८३ च्या उठावात पाच जेझुइट मारले गेले होते. स्वदेशात ज्याच्या पंथाला राजसत्तेने कोंडले, तोच येथे राजसत्तेच्या छायेत दुसऱ्यांच्या ग्रंथांची जागा भरून काढत होता. मात्र रिकामी झालेली जागा त्याने परक्या भाषेने भरली नाही, हेही तितकेच खरे. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच आघात केला, तेव्हा त्याच्या धोरणाचा वेगळेपणा अधिक ठळक झाला.

ग्रंथ टिकला तो मुख्यतः हस्तलिखितांच्या नकलांमुळे. कारवार–मंगळूर किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे वाचन-गायन चालू राहिले. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील, तर शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुणे येथे देवनागरी आवृत्ती संपादिली. सत्तेच्या आश्रयाने जन्मलेले हे काव्य त्या सत्तेच्या अस्तानंतरही वाचले जाते, ते त्याने स्वीकारलेल्या भाषेच्या व छंदाच्या बळावर होय.