जन्मनोंद आणि दलित आत्मकथन

दलित आत्मकथनांत सन-तारखा ढोबळ असतात, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. माझ्या मते हा आक्षेप लेखकावर नव्हे, नोंदवहीवर घ्यायला हवा.

लक्ष्मण माने (१९४९) आणि शरणकुमार लिंबाळे (१९५६) या दोघांच्याही छापील परिचयात जन्मतारीख १ जून आहे. जन्माचा दाखला नसला की गुरुजींनी १ जून लिहायची, ही आपल्याकडील शाळांची जुनी रीत.

आईबापांना मुलाचा जन्म आठवत नव्हता असे नाही. दुष्काळ, पटकी, जत्रा यांवरून ते वय सांगत. पण नोंदवहीचे प्रश्नच त्यांच्या जगण्याला अडचणीचे होते. बापाचे नाव काय? ‘अक्करमाशी’चा (१९८४) सगळा पेच याच रकान्यात आहे. पाटलापासून झालेल्या महार बाईच्या मुलाने शाळेत कुणाचे नाव लावायचे? गाव कोणते? ‘उपरा’तल्या (१९८०) कैकाड्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर, त्याने कोणते गाव सांगायचे? तेव्हा ही उणीव कलादोष नाही, तो या पुस्तकांचा आशय आहे.

‘लोक अडाणी, म्हणून नोंद करीत नाहीत’ हे म्हणणेही मला पटत नाही. १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथेच, २१ दिवसांत खबर द्यावी लागते. बीडकडची दलित ऊसतोड बाई परमुलखात, फडावरच्या कोपीत बाळंत होते. परक्या गावच्या ग्रामसेवकाकडे जायचे तर दिवसाचा खाडा. पट्टा पडून गावी परतेपर्यंत मुदत टळते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश हवा. उलट जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, कोतवाल बुकातली आजोबांची नोंद शोधत हिंडलेला बाप मुलाची नोंद चुकवीत नाही. त्याला जनजागृतीची पत्रके लागत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी यांसाठी जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. गुरुजींची १ जून आता चालणार नाही. चहा-कॉफीच्या मळ्यात जन्मलेल्या मुलाची खबर देण्याचे काम याच कायद्याने मळ्याच्या अधीक्षकावर टाकले आहे. उसाच्या फडासाठी ते साखर कारखान्यावर टाकावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. फडातल्या उसाची टनाटनाने नोंद ठेवणाऱ्या कारखान्याला तिथे जन्मलेल्या मुलांची खबर देणे अवघड नाही.