‘कि नि नारु’ आणि ‘कि नि सुरु’ : एका अर्थभेदाचा विचार

जपानीचा अभ्यास करणारे मराठी भाषक आज पुण्यासारख्या शहरी पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा अभ्यास बहुधा इंग्रजी अर्थसूचींच्या आधारे चालतो. प्राथमिक पायरीवर त्याने फारसे बिघडत नाही. प्रगत पायरीवर मात्र जवळजवळ समानार्थी वाक्प्रचारांतील अर्थच्छटा ह्या मार्गाने लोपतात. प्रस्तुत टिपणात अशा एका जोडीचा विचार करावयाचा आहे.

‘कि’ म्हणजे स्थूलमानाने मन. ‘नारु’ म्हणजे होणे व ‘सुरु’ म्हणजे करणे. ‘कि नि नारु’ आणि ‘कि नि सुरु’ ह्या दोहोंपुढे इंग्रजीत ‘चिंता करणे’ ह्या अर्थाचे एकच क्रियापद पुष्कळदा आढळते. वस्तुतः पहिल्यात गोष्ट आपण होऊन मनाला लागते. दुसऱ्यात माणूस ती मनाला लावून घेतो. हा भेद मराठीला परका नाही. कोयनेचे पाणी चढू लागले की कराडच्या नदीकाठच्या रहिवाशाला काळजी वाटते. पण काळजी करीत न बसता तो सामान हलवू लागतो. ‘वाटणे’ ह्या क्रियापदाशी अनुभव घेणारा चतुर्थीत येतो, ‘करणे’ ह्याच्याशी कर्ता प्रथमेत. निषेधार्थी रूप ही ह्या भेदाची कसोटी होय. ‘काळजी करू नका’ असे आपण म्हणतो; ‘काळजी वाटू नका’ असे म्हणत नाही. जपानीतही धीर देताना ‘कि नि शिनाइदे’ हे ‘सुरु’चेच निषेधरूप योजतात. जे माणसाच्या स्वाधीन नाही, त्याची मनाई करता येत नाही.

तथापि हे साम्य फार ताणू नये. दुकानात नजरेस पडलेल्या पुस्तकाविषयीही ‘कि नि नारु’ म्हणतात. तेथे काळजी नसून कुतूहल असते आणि ‘मनात घोळणे’ हा पर्याय अधिक जवळचा ठरतो. तेच पुस्तक पसंतीस उतरले की ‘कि नि इरु’. ते आपले ‘मनात भरणे’ होय.

इकेगामी योशिहिको ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजीला ‘करणे’कडे व जपानीला ‘होणे’कडे झुकणारी भाषा मानले आहे. अनुभववाचक क्रियापदांपुरती तरी मराठी जपानीच्या बाजूस उभी आहे. म्हणूनच जपानी कथेतील ‘मला तिची काळजी वाटते’ हे वाक्य इंग्रजीवरून ‘मी तिची काळजी करतो’ असे उतरले, तर नकळत जडलेली व्यथा हेतुपुरस्सर केलेली कृती भासू लागते व पात्राचा स्वभावच पालटतो. जो भेद मातृभाषेत सिद्ध आहे, तो परभाषेच्या अर्थसूचीत गमावणे अभ्यासकास परवडणारे नाही. अध्यापनात अशा जोड्या प्रथम मराठीशी ताडून पाहाव्या, हे इष्ट होय.