घोंगडी : घडण, निगा आणि मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

निर्णयाविना रेंगाळणाऱ्या प्रकरणासाठी मराठीत ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार सर्रास वापरला जातो. समित्यांचे अहवाल, सीमाप्रश्न, रिक्त पदांची भरती अशी अनेक घोंगडी आपल्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे भिजत असतात. मात्र घोंगडे खरोखरच भिजले तर काय होते, हे हा वाक्प्रचार वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आज ठाऊक असेल. पूर्ण भिजलेली लोकर अतिशय जड होते, तिला पिळता येत नाही, वाळण्यास ती वेळ घेते आणि तशीच गोळा करून ठेवली तर कुबट होऊन कुजते. अर्थात, हा वाक्प्रचार मुळात एका वस्त्राच्या निगेविषयी आहे. भाषेने तो जपला. त्यामागील व्यवहारज्ञान मात्र आपल्या अभ्यासविषयांच्या बाहेरच राहिले.

घोंगडी हे दख्खनच्या पठारावरील मेंढपाळांचे उघड्यावर वापरण्याचे वस्त्र आहे. कर्नाटकातील कुरुबांची कंबळी आणि तेलंगणातील कुरुमांची गोंगडी ही तिचीच भावंडे होत. तिच्याविषयीच्या मराठी लेखनाचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिला भावुक गौरवाचा आणि दुसरा ऱ्हासाबद्दलच्या हळहळीचा. चांगली घोंगडी कोणती व वाईट कोणती, आणि हे कशावरून ठरवावे, हा समीक्षेचा मूलभूत प्रश्न दोन्हींत सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न उपस्थित केला आहे. घोंगडीची प्रत तिच्या स्पर्शावरून ठरवता येत नाही, ती तिच्या कामावरून आणि तिला लागणाऱ्या निगेवरूनच ठरवावी लागते, अशी या लेखाची भूमिका आहे.

घडण आणि प्रयोजन

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. एका मेंढीपासून वर्षाला साधारण अर्धा किलोच्या आसपास लोकर मिळते. दोन-अडीच किलो वजनाच्या एका घोंगडीत म्हणजे चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची वाढ सामावलेली असते. कातरलेली लोकर निवडायची, पिंजायची आणि चरख्यावर कातायची. कताईचे हे काम परंपरेने बहुतांशी स्त्रियांकडे राहिले आहे. विणकाम सणगर आणि खुटेकर धनगर करीत आले. विणण्यापूर्वी ताण्याच्या उभ्या सुतांना चिंचोक्याची खळ दिली जाते. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने सुतावर फिरवतात. तिच्यामुळे सुताचे विस्कटलेले केस बसतात, सूत मागावर तुटत नाही आणि तयार कापडास ताठपणा येतो. नंतर खड्डामागावर धोटा फिरू लागतो.

हा ताठपणा शहरी ग्राहकास दोष वाटतो. प्रत्यक्षात पावसाळी वस्त्र म्हणून घोंगडीचे कार्य त्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. मेंढपाळ घोंगडीची एक बाजू दुमडून तिची खोळ करतो आणि ती डोक्यावरून पाठीवर सोडतो. कापड मऊ असेल तर खोळ डोक्याला चिकटून बसेल. ताठ असल्यामुळे ती उभी राहते आणि पाणी उतारावरून जावे तसे पाठीवरून ओघळते. लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग मुळातच पाणी झिडकारणारा असतो. त्यातच गावाकडील लोकर गिरणीतल्यासारखी रसायनांनी धुतलेली नसल्याने तिच्यात लॅनोलिन या नैसर्गिक मेणाचा काही अंश शिल्लक राहतो. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. रानात शेकोटीशेजारी निजणाऱ्या माणसाच्या दृष्टीने आणखी एक गुण मोलाचा आहे. लोकर सहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढी जागा करपून विझते.

या गुणांचा संदर्भ मेंढपाळांच्या भ्रमंतीशी आहे. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागांतील कळप पावसाळ्यानंतर कोकणाकडे अथवा अन्य चराऊ प्रदेशाकडे निघतात आणि पुढच्या पावसाच्या सुमारास परततात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात. या काळात घर असे नसतेच. दुपारी घोंगडी सावली देते, रात्री अंथरूण-पांघरूण होते आणि नुकतेच जन्मलेले कोकरू तिच्यातूनच वाहून नेले जाते. बैठकीला आणि देवाच्या कार्यालाही तीच अंथरली जाते. एकाच वस्त्राने इतकी कामे करायची तर त्याला नाजूक असून चालत नाही.

येथे एक संतपद आठवते. देवाने स्वतःकडे चांगली घोंगडी ठेवली आणि आपल्या वाट्याला वाईट दिली, अशी लाडिक तक्रार कान्होबाकडे करणारे हे पद ज्ञानेश्वरांच्या नावे प्रसिद्ध आहे. आध्यात्मिक रूपक म्हणून त्याचा अर्थ लावला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु रूपक उभे राहण्यासाठी श्रोत्यांना आधी चांगल्या आणि वाईट घोंगडीतला फरक कळावा लागतो. तो त्यांना कळत होता, हे या पदाने गृहीत धरले आहे. आज वर्गात हे पद शिकवताना रूपकाचा उलगडा अध्यापक तत्परतेने करतो, पण घोंगडीचा उलगडा राहून जातो.

आधुनिक साहित्याच्या समीक्षेतही फारसे वेगळे चित्र नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) धनगरांच्या वस्तीवरची कादंबरी. तिच्याविषयी लिहिताना आपण ‘माणदेशाचे वातावरण’ असा एक सोयीचा शब्द वापरतो आणि माणसांच्या अंगावरचे, हातातले, खांद्यावरचे सर्व काही त्या एका शब्दात कोंबून टाकतो. गुंथर सोन्थायमर यांनी पशुपालकांच्या दैवतांचा अभ्यास केला आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे गवळी-धनगर परंपरेशी असलेले नाते मांडले. या दोन्ही अभ्यासांमुळे पशुपालकांच्या श्रद्धाविश्वाला अभ्यासात मानाचे स्थान मिळाले. त्यांच्या वस्त्राला मात्र असा अभ्यासक अजून मिळायचा आहे.

निगा

घोंगडीची निगा ही तिच्या घडणीचीच पुढची पायरी आहे. आधुनिक घरात या वस्त्राचे सर्वाधिक नुकसान स्वच्छतेच्या कल्पनेमुळे होते. नवी घोंगडी आणली की ती टोचते आणि तिला मेंढीचा वास येतो. म्हणून ती गरम पाण्यात, डिटर्जंट पावडर घालून, धुलाई यंत्रात टाकली जाते. या एका धुण्यात चार गोष्टी घडतात. खळ विरघळून जाते. अल्कधर्मी साबणाने उरलेसुरले मेण निघते आणि तंतूही दुबळा होतो. लोकर हे केराटिन नावाचे प्रथिन असल्याने, प्रथिनांचे डाग काढण्यासाठी पावडरीत घातलेली विकरे तिच्यावरही काम करतात. शिवाय उष्णता, ओल आणि घुसळण एकत्र आल्याने तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून कापड आटते व थापल्यासारखे होते. यातून हाती येते ती मऊ, आकसलेली, पाणी पिणारी चादर. मग ‘आजकालच्या घोंगड्यांना पूर्वीची सर नाही’ असा निर्वाळा दिला जातो.

मेंढपाळाच्या वापरात धुण्याला दुय्यम स्थान आहे. झटकणे, उन्हात पसरणे आणि वारा देणे हीच नेहमीची निगा. धूळ कोरडी असतानाच झटकून निघते. ओली झाल्यास ती तंतूत बसते. चिखल लागला तर तो वाळू द्यावा आणि मग ब्रशने काढावा. धुणे अपरिहार्यच झाले तर थंड पाणी आणि रिठ्याचे पाणी अथवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण वापरावा. चोळू नये, पिळू नये. पाणी दाबून काढावे आणि घोंगडी बाजेवर किंवा सपाट खडकावर सावलीत पसरावी. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या भाराने ती लांबते आणि तिचा चौकोन कायमचा बिघडतो. पावसात भिजून आलेल्या घोंगडीलाही हाच नियम लागू आहे. वर उल्लेखिलेला वाक्प्रचार ज्या आळसावर बोट ठेवतो, तो नेमका ती वेळेवर न पसरण्याचा आहे.

कसर हा लोकरीचा खरा शत्रू. उडणारा पतंग कापड खात नाही. खाते ती त्याची अळी. ती अंधारात, न हलवलेल्या घडीत, घामाचे वा अन्नाचे डाग असलेल्या जागी वाढते. रोज वापरात असलेल्या घोंगडीला कसर लागत नाही आणि ट्रंकेत ‘जपून’ ठेवलेलीला लागते, यात म्हणूनच विरोधाभास काही नाही. कडुनिंबाचा पाला आणि कापूर यांचा उपयोग मर्यादित आहे. घडीत आधीच असलेली अळी त्यांनी हमखास मरत नाही. तिच्यावर कडक ऊन, झटकणे आणि ब्रश यांचीच मात्रा चालते. अनेक संग्रहालयांत लोकरी वस्तू बंद पिशवीत घालून उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास आठवडाभर किंवा अधिक काळ ठेवतात. खळ ही कीड व बुरशी दोहोंना आवडणारी असल्याने दमट हवेत घोंगडी साठवताना ती आतपर्यंत कोरडी असल्याची खात्री करणे आवश्यक ठरते.

भोक पडल्यास रफू लोकरीच्याच सुताने करावा. नायलॉनचा दोरा जास्त बळकट म्हणून निवडला जातो, पण तो भोवतालचे मऊ तंतू कापत जातो आणि लहान भोक मोठे होते. दशा उसवू लागल्या तर त्या लगेच गाठून घ्याव्यात.

मूल्यमापनाचे प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वस्त्रोद्योगाच्या प्रतवारीत लोकरीची किंमत तंतूच्या बारीकपणावर ठरते. मेरिनोचा तंतू साधारणतः २४ मायक्रॉनहून बारीक असतो. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू त्वचेला टोचतात. दख्खनी लोकर जाड, केसाळ आणि बहुतांशी काळी वा करडी असते. गडद असल्यामुळे ती हवी तशी रंगवता येत नाही. या मोजपट्टीवर ती ‘हलकी’ ठरते, आणि विसाव्या शतकात मेरिनो, रॅम्बुले यांसारख्या जातींशी तिचा संकर करण्याचे जे प्रयोग झाले त्यांच्यामागे हीच मोजपट्टी होती. पुढे लोकरीपेक्षा मांसाला भाव आला आणि माडग्याळसारख्या वजनदार, कमी लोकरीच्या मेंढ्या कळपांत वाढल्या. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही आणि ती टाकून दिली जाते.

घोंगडीच्या परंपरेत मऊपणाला किंमत नव्हती असे नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची घोंगडी मऊ म्हणून महाग असते. मात्र ती मानाची, पांघरण्याची घोंगडी. पावसातली कामाची घोंगडी वेगळी. प्रयोजनानुसार निकष बदलण्याची ही समज बाजाराच्या एकाच मोजपट्टीपेक्षा अधिक प्रगल्भ आहे, असे म्हणावेसे वाटते. स्कॉटलंडमधील हॅरिस ट्वीडही मऊपणासाठी नावाजलेले नाही. तरी १९९३ च्या कायद्याने त्याची व्याख्या निश्चित केली आणि बेटावरील विणकराच्या घरीच ते विणले गेले पाहिजे असे ठरवले. तेथे कापडाच्या खरबरीतपणाला त्याची ओळख मानले गेले, आपल्याकडे तो उणेपणा मानला गेला.

अलीकडे विक्रीसाठी घोंगडीला औषधी गुण चिकटवले जातात. पाठदुखी, संधिवात, रक्तदाब यांवर ती उपाय असल्याचे सांगितले जाते. हे दावे अनाठायी आहेतच, पण त्याहून मोठी हानी अशी की त्यांमुळे घोंगडीचे खरे काम झाकले जाते. जी वस्तू पावसात माणसाला कोरडे ठेवते, तिला खपण्यासाठी रक्तदाब उतरवावा लागू नये. उलट बाजूने, आज मेंढपाळच प्लॅस्टिकचा कागद पांघरतात म्हणून त्यांना बोल लावणेही अन्याय्य आहे. प्लॅस्टिक हलके व स्वस्त आहे, झटकले की कोरडे होते. मुसळधार पावसात दिवसभर भिजलेल्या घोंगडीचे ओझे ज्याच्या खांद्यावर असते त्याची निवड समजण्यासारखी आहे. आत घाम धरणे, ठिणगीने वितळणे आणि वर्षा-दोन वर्षांत फाटणे ही त्याची बाजूही त्याला ठाऊक असते.

प्रश्न उरतो तो श्रमाच्या मोबदल्याचा. घोंगडीच्या किमतीविषयी बोलताना विणकराचे दिवस मोजले जातात. त्याआधी सूत कातणाऱ्या स्त्रीचे दिवस बहुधा कोणी मोजत नाही. सुताचा पीळ सारखा नसेल तर खळ नीट बसत नाही आणि मागावर हात कितीही कसबी असला तरी कापड विरळ पडते. घोंगडी उजेडासमोर धरून पाहिली तर हा फरक कोणालाही दिसतो.

काही महाविद्यालयांतील लोकसंस्कृती दालनांत काचेच्या कपाटात घोंगडी ठेवलेली असते. शेजारच्या चिठ्ठीवर ‘धनगरी पेहराव’ एवढेच लिहिलेले असते. तिच्यावर लोकर कोणत्या भागातली, कोकराची की मोठ्या मेंढीची, सूत कोणी कातले, विणली कोठे आणि केव्हा, खळ अजून आहे की धुतली गेली, इतकी नोंद सहज करता येईल. कपाटातली घोंगडी दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढावी, उन्हात झटकावी आणि पुन्हा ठेवताना जुन्या घडीवर घडी न घालता नव्या जागी घालावी. खळ दिलेली ताठ लोकर वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी दुमडली तर प्रथम तेथेच चिरते.