‘जमतं’ आणि ‘करावं लागतं’: खांदेदुखीवरच्या एका पेपरबद्दल

खांदा दुखायला लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘एमआरआय काढला का?’ ‘तुला काय वाटतं, बरा होशील?’ असं सहसा कुणी विचारत नाही. आज ज्या पेपरबद्दल लिहितोय, त्याच्या मते तो न विचारलेला प्रश्नच जास्त कामाचा आहे.

इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या रेचल चेस्टर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१८ साली छापून आला. खांद्यासाठी फिजिओथेरपीला आलेले १०३० रुग्ण घेतले, सुरुवातीला प्रत्येकाच्या ७१ गोष्टी नोंदवल्या, मग ६ आठवड्यांनी आणि ६ महिन्यांनी पुन्हा विचारलं. ज्यांचा त्रास मुळात कमी होता ते पुढेही बरे राहिले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. ‘पूर्ण बरा होईन’ असं वाटणारे आणि दुखत असतानाही कामं जमतील असा भरवसा असणारे, यांचा निकाल चांगला लागला. उलट, हात वाकवून-फिरवून ‘अमुक स्नायूच बिघडलाय’ असं ठरवणाऱ्या तपासण्यांवरून पुढचं फारसं कळलं नाही. याच माहितीवरच्या २०१९ च्या विश्लेषणात तर दुखणं जास्त पण भरवसाही जास्त असलेले लोक, दुखणं कमी पण भरवसाही कमी असलेल्यांच्या जवळपास बरोबरीला आले.

आता माझी हरकत. हा भरवसा मोजला १० प्रश्नांच्या प्रश्नावलीने. प्रत्येकाला ० ते ६ गुण, एकूण ६०. दुखत असूनही घरकाम करता येईल का, काहीतरी काम करता येईल का, अशा धर्तीचे प्रश्न. ही प्रश्नावली घेऊन चुडाव्याच्या शिवारात जा. कापूस वेचणारी बाई, उसाची मोळी डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारा गडी काय सांगेल? ‘करावंच लागतंय की.’ झाले ६ पैकी ६! पण हा भरवसा आहे की नाइलाज? मराठीत ‘जमतं’ आणि ‘करावं लागतं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कागदावर दोघांचा आकडा एकच. मग इथे जास्त गुण म्हणजे लवकर बरं होणं, हे कशावरून धरायचं? खांद्याला विश्रांतीच मिळत नाही, असाही त्याचा अर्थ निघू शकतो.

दुसरं, यात सगळ्यांनाच फिजिओथेरपी मिळाली होती. तुलनेला उपचाराविना गट नव्हता. त्यामुळे कोण बरं झालं एवढं कळतं. फिजिओमुळे झालं का, ते नाही. आणि भरवसा वाढवला तर खांदा सुधारेल, हे तर अजिबातच सिद्ध होत नाही. (‘पॉझिटिव्ह राहा’वाल्या व्हिडिओंनी हा पेपर अजून गाठला नाही, हे नशीब.)

६ महिन्यांनी ८११ जणांची माहिती मिळाली. बाकीचे २१९? आपल्याकडे चुडाव्याहून रेल्वेने नांदेड गाठायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, असं दर आठवड्याला करायचं म्हटलं तर किती जण टिकतील?

तरी पेपर मला आवडला. एमआरआयच्या कागदाआधी माणसाचं ऐका, हे त्याने आकड्यांनी दाखवलंय. माझ्या प्रश्नावलीच्या मराठी मसुद्यात मात्र ‘काम करू शकता का?’च्या लगेच खाली आणखी एक ओळ घातलीय: ‘नाही केलं तर चालतं का?’