ऐकीव ज्ञान आणि ऐकवलेले ज्ञान

'ऐकीव माहिती' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात अविश्वास असतो. सांगणारा कोण, त्याला कसे कळले, हे ठाऊक नसले की माहिती ऐकीव ठरते. विद्यापीठांतील संशोधन आता 'पॉडकास्ट'च्या रूपाने कानांपर्यंत येऊ लागले आहे. ते ऐकीवच राहते की ज्ञान होते, हे तपासण्याची वेळ आली आहे.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. हा शब्द बेन हॅमर्स्ली यांनी २००४ साली 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकातील लेखात सुचवला. रेडिओवर निसटलेले वाक्य निसटलेच. येथे मागे जाऊन ते पुन्हा ऐकता येते. बदलापूरहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. या मार्गावरच्या लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण कान मोकळे असतात. विद्वानांना एवढा मोठा श्रोतृवर्ग पूर्वी कधी मिळाला होता?

या प्रकारातील नावाजलेला नमुना म्हणजे बीबीसीचा 'इन अवर टाइम'. तो १९९८ साली रेडिओवर सुरू झाला आणि पुढे पॉडकास्ट म्हणून जगभर पोचला. विषय एक आणि त्यावर बोलणारे साधारणपणे तीन प्राध्यापक. मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत तो चालवला. पाल्हाळ लागला की ते मध्येच अडवत आणि 'हे कशावरून?' असे विचारत. दोन प्राध्यापकांचे पटत नाही, हेही श्रोत्याला ऐकू येई. हा त्याचा सर्वांत मोठा गुण. दोष असा की नावे आणि सनावळ्या भराभर येतात. विषयाची तोंडओळख नसलेला श्रोता मागे पडतो.

मराठीत बीबीसीचीच 'गोष्ट दुनियेची' ही मालिका आहे. एका भागात एकच प्रश्न आणि त्यावर निरनिराळ्या तज्ज्ञांची मते, ही तिची मांडणी चांगली आहे. मात्र थोड्या वेळात अनेक तज्ज्ञ येतात. प्रत्येकाचा निष्कर्ष कळतो, पण त्याच्या पुराव्यापर्यंत जायला उसंत उरत नाही.

ही उणीव किती महत्त्वाची आहे? आपल्या परिसरातल्या तीन विषयांवर ते पडताळून पाहू.

पहिला विषय अंबरनाथचे शिवमंदिर. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, ही आख्यायिका मुले ऐकतात. पॉडकास्टमधून एखाद्या प्राध्यापकाने सांगितले, 'नाही, ते अकराव्या शतकातले, शिलाहार राजांच्या काळातले,' तर मुलाच्या दृष्टीने काय बदलले? आधी गावातल्या म्हाताऱ्याचे ऐकले, आता प्राध्यापकाचे. दोन्ही ऐकीवच! खरी गोष्ट याहून रंजक आहे. मंदिराच्या उत्तर दाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असा दुरुस्त केला. शकात ७८ मिळवले की पहिल्या वाचनाने इ. स. ८६० येते आणि दुसऱ्याने १०६०. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. हे ऐकवले तर मुलाला सन तर कळेलच, पण तो सन कसा ठरला आणि चूक कशी सुधारली जाते, हेही कळेल. त्यासाठी पाच मिनिटे जास्त लागतील. ती द्यायलाच हवीत.

दुसरा विषय बदलापूरच्या उल्हास नदीचा पूर. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. पुराविषयी बोलताना अभ्यासक आकड्यांची रास ओततात. कानाला एका वेळी दोन आकडे पुरेत. २६ जुलै २००५ च्या पावसात चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३.४. एकाच शहरात एवढा फरक का, हा प्रश्न श्रोता बरोबर घेऊन जातो. बाकीचे आकडे आणि नदीखोऱ्याचा नकाशा कागदावर द्यावा. आपल्याकडे हे पूर्वी झाले आहे. राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद आणि आकाशवाणी यांनी १९९१ पासून मानवाच्या उत्क्रांतीवर शंभराहून अधिक भागांची मालिका अनेक भारतीय भाषांत प्रसारित केली. नोंदणी केलेल्या श्रोत्यांना तिच्याबरोबर तक्ते आणि साहित्य मिळे. कानाला डोळ्याची जोड लागते, हे त्या योजकांनी ओळखले होते.

तिसरा विषय उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला हे नाव मिळाले. या स्थलांतरावर नंदिता भवनानी यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ इंग्रजीत आहे. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, तशी देवनागरीतही. घरात सिंधी समजते, पण आजोबांची लिपी वाचता येत नाही, अशी मुले वर्गात असतात. ध्वनीला लिपीचा अडसर नाही. ज्यांच्या आयुष्यावर संशोधन झाले, त्यांच्या भाषेत ते परत नेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. मग विद्वान इंग्रजीतच का बोलतात? इंग्रजीत बोलून ते पुन्हा एकमेकांनाच ऐकवत बसतात. सर्वसामान्यांपर्यंत जायचे म्हणजे नुसता ध्वनिवर्धक बदलून भागत नाही.

तेव्हा पॉडकास्ट वर्गात आणण्यापूर्वी शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. निष्कर्षाबरोबर पुरावा सांगितला आहे का? मतभेद वा दुरुस्ती ऐकू येते का? आणि ज्यांना ऐकवायचे त्यांच्या भाषेत तो आहे का? तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील तर तो गोड आवाजातला पाठ्यपुस्तकाचा सारांश समजावा.

याहून चांगला उपाय म्हणजे मुलांनी स्वतः एक भाग तयार करावा. मोबाइलवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण होते, खर्च नाही. नववीच्या मुलांनी शिवमंदिराचा विषय घ्यावा. म्हाताऱ्यांकडून आख्यायिका ऐकावी, इतिहासाच्या शिक्षकांना शिलालेखाविषयी विचारावे आणि प्रत्येक वाक्यापुढे 'हे आपल्याला कसे कळले?' ते लिहावे. ज्या वाक्यापुढे काही लिहिता येणार नाही, ते ध्वनिमुद्रणातून गाळावे.