ताजे की टिकाऊ? डेबियनच्या चाळणीचे परीक्षण

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपूरच्या एखाद्या शाळेला संगणक-कक्षाची डागडुजी करायची तर ती याच लांबलेल्या सुट्टीत. एकदा वर्ग सुरू झाले की पडद्यावरचा मेनू वर्षभर जागचा हलू नये, वहीत उतरवून दिलेल्या पायऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत जशाच्या तशा चालाव्यात, एवढीच शिक्षकाची अपेक्षा असते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला मात्र काल सुचलेली सुधारणा आजच लोकांच्या हाती द्यायची असते. दोघांचेही बरोबर आहे. पण जिथे लिहिणारे पगारी नोकर नसून स्वयंसेवक आहेत, तिथे हा वाद मिटवायचा कसा?

डेबियन हा प्रकल्प 1993 साली इयन मर्डॉक यांनी सुरू केला. लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून सांभाळतात. आपल्याकडची सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच उभी आहे, तेव्हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

डेबियनने काढलेला मार्ग चाळणीचा आहे. नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत जाते. तिथे काही दिवस, साधारणतः दोन ते दहा, गंभीर दोष आढळला नाही तर ते ‘चाचणी’ शाखेत उतरते. दोनेक वर्षांनी चाचणी शाखा गोठवतात, म्हणजे नवी भर थांबवून फक्त दोष काढत बसतात. मग तीच ‘स्थिर’ आवृत्ती म्हणून बाहेर पडते आणि पुढे तिच्यात सुरक्षेच्या व महत्त्वाच्या दुरुस्त्यांखेरीज सहसा काही बदलत नाही. (आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातली आहेत. अस्थिर शाखेचे नाव कायमचे ‘सिड’, म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा मुलगा!) कोणी कोणाला हुकूम देत नाही. ज्याला ताजे हवे तो सिड वापरतो आणि इतरांच्या वतीने ठेचा खातो.

या सावकाशपणाची थट्टा पुष्कळ झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. जुलै 2002 नंतरची पुढची स्थिर आवृत्ती जून 2005 मध्ये आली. तीन वर्षे जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर बसवताना लोक रडकुंडीला येत. आता आवृत्त्या साधारण दोन वर्षांनी येतात.

चाळणीचा उपयोग 2024 च्या मार्चमध्ये दिसला. ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीत, दोनेक वर्षे सालस स्वयंसेवक म्हणून वावरलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने चोरवाट घुसवली होती. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता सिडवर वेगळ्याच चाचण्या करत होता. दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने मूळ शोधून काढले. दूषित आवृत्ती तोवर अस्थिर व चाचणी शाखांत पोहोचली होती, स्थिर शाखेत नाही. चाळणीने मात्र इथे फक्त वेळ मिळवून दिला. पकडले ते एका चिकित्सक माणसाने.

आणि असा माणूस भेटला नाही तर? 2006 साली डेबियनच्याच एका स्वयंसेवकाने, स्मृती तपासणाऱ्या साधनाची कुरकुर थांबवावी म्हणून, ‘ओपनएसएसएल’ मधला कोड थोडा बदलला. त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. किल्लीचे पर्याय उरले केवळ बत्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे संगणकाला चुटकीसरशी तपासून काढता येतील इतके. हा दोष सगळ्या चाळण्यांतून सुखरूप उतरला, एप्रिल 2007 च्या स्थिर आवृत्तीत बसला आणि मे 2008 मध्ये उघड झाला. चाळणीत अडकते ते बिघडलेले. बिनबोभाट चालणारे चुकीचे काम तिच्यातून सहज खाली पडते. ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ ‘निर्दोष’ असा करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

माझा मुख्य आक्षेप मात्र भाषेच्या बाबतीत आहे. फेब्रुवारी 2009 च्या पाचव्या आवृत्तीत डेबियन बसवण्याची आज्ञावली प्रथमच मराठीत मिळाली. एकूण भाषा 63 झाल्या. देवनागरी दाखवायची तर चित्ररूप पडदाच लागे, तो भाग वेगळा. त्याच वेळी एक भाषा गळाली, एस्टोनियन. कारण एवढेच, की तिचे भाषांतर वेळेत अद्ययावत झाले नाही. प्रत्येक नव्या सोयीबरोबर चार नवी वाक्ये येतात आणि जुन्या दहांचे शब्द बदलतात. ज्या भाषेत भाषांतरकार भरपूर आहेत तिला याची झळ लागत नाही. मराठीसारख्या भाषेत हे काम मोजकीच माणसे फावल्या वेळात करतात. भाषांतर अपुरे राहिले की तेवढ्या जागी इंग्रजी वाक्य उमटते आणि मुलांपुढे अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी असा मेनू येतो. ताजेपणाची किंमत इथे फेडली जाते.

मग गोठवणे हे भाषांतरकाराला वरदानच की! काही अंशी होय, कारण वाक्ये थांबली तरच त्याला गाठता येतात. पण गोठण्याआधी राहिलेली मराठीतली चूकही सहसा पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते. वर्गात रोज वाचणाऱ्या शिक्षकाला ती पहिल्याच आठवड्यात दिसते, पण तोवर दार बंद झालेले असते. गोठवलेली चाचणी आवृत्ती एखाद्या जुन्या यंत्रावर त्याच काळात चालवून पाहिली, तर ती चूक वेळेत कळवता येईल. तेरावी आवृत्ती 9 ऑगस्ट 2025 ला आली. तिच्यात 69 हजारांहून अधिक पॅकेजे आहेत, पण जुन्या 32-बिटी संगणकांवर ती नव्याने बसवता येत नाही. कुणाच्या कार्यालयातून देणगीदाखल आलेली तशी यंत्रे ज्या शाळांत अजून चालू आहेत, त्यांना बाराव्या आवृत्तीवरच थांबावे लागेल. डेबियनचा आधार एका आवृत्तीला एकंदर पाच वर्षे मिळतो आणि बारावी निघाली जून 2023 मध्ये.