फॅनझिन आणि अनियतकालिक : हौशी वाङ्मयव्यवहाराचा तौलनिक विचार

मराठी समीक्षेत अनियतकालिकांचा विचार बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक, प्रस्थापित वाङ्मयाविरुद्धचे बंड म्हणून. आणि दुसरे, पुढे मान्यता पावलेल्या कवी-लेखकांचा उमेदवारीचा काळ म्हणून. दोन्ही दृष्टींत अनियतकालिक हे निव्वळ साधन ठरते. अंक कोणी काढला, कोणत्या यंत्रावर काढला, कोणाला पाठवला आणि वाचणाऱ्याने त्याची परतफेड कशाने केली, हे प्रश्न त्यामुळे तळटीपेत जातात. विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकन विज्ञानकथा-रसिकांच्या हौशी पत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या, तर हेच प्रश्न मध्यवर्ती आहेत असे दिसू लागते.

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. त्यातील वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापले जात. वाचकाला दुसऱ्या वाचकाचा पत्ता मिळाला आणि संपादकाला वगळून पत्रव्यवहार सुरू झाला. मे १९३० मध्ये निघालेली 'द कॉमेट' ही या पत्रव्यवहारातून जन्मलेली आरंभीची पत्रिका होय. 'फॅनझिन' हा शब्द मात्र १९४० मध्ये लुई रसेल शोव्हने यांनी घडवला. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या 'फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन'मध्ये प्रत्येक सदस्य आपल्या पत्रिकेच्या प्रती मध्यवर्ती व्यक्तीकडे पाठवी आणि त्या सर्वांचा गठ्ठा प्रत्येकाला टपालाने परत मिळे. जिलेटिनच्या थरावरून प्रती उमटवणारा हेक्टोग्राफ आणि स्टेन्सिलवर चालणारे चक्रमुद्रण यंत्र ही या व्यवहाराची भौतिक बैठक होती. अंकाची किंमत पैशांत द्यावी लागे असे नाही. अभिप्रायाचे पत्र, लेख किंवा स्वतःची पत्रिका पाठवली तरी चाले. म्हणजे येथे वाचक हा ग्राहक नसून भावी लेखक व भावी संपादक होता.

या व्यवहाराचे मराठी प्रतिरूप विज्ञानकथेच्या प्रांतात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. स्वातंत्र्योत्तर मराठी विज्ञानकथेला आधार मिळाला तो 'नवल'सारख्या व्यावसायिक मासिकाचा आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेचा. परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. ख्यातनाम शास्त्रज्ञाने नाव झाकून स्पर्धेत उतरावे, हा प्रसंग अर्थपूर्ण आहे. कथेचे मूल्यमापन नावाच्या वजनाविना व्हावे, अशी सोय त्यातून साधली गेली. परंतु ती सोय परीक्षक आणि स्पर्धक यांच्यातील होती; वाचकांच्या परस्परसंबंधाला तेथे जागा नव्हती. मराठीत विज्ञानकथा होती तेथे हौशी मुद्रण रुजले नाही आणि हौशी मुद्रण रुजले तेथे विज्ञानकथा नव्हती. हौशी पत्रिका ही एखाद्या वाङ्मयप्रकाराची नैसर्गिक निष्पत्ती नसून निर्मिती आणि वाचन यांच्यातील एक विशिष्ट संबंध आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

तो संबंध मराठीत काव्याने घडवला. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये 'शब्द' हे चक्रमुद्रित पत्र सुरू केले. साठच्या दशकात 'असो', 'वाचा', 'येरू' आदी अनियतकालिके निघाली. तथापि येथे एक महत्त्वाचा भेद आहे. अमेरिकन पत्रिका व्यावसायिक मासिकांच्या अंगणात वावरत होती. रे ब्रॅडबरी यांनी १९३९-४० मध्ये 'फ्युचुरिया फँटेशिया'चे चार अंक काढले आणि लवकरच त्यांच्या कथा व्यावसायिक मासिकांतून येऊ लागल्या. या वाटचालीत कोणालाही विसंगती जाणवली नाही. मराठी अनियतकालिकाने मात्र 'सत्यकथा'शी असलेल्या विरोधातून आपली ओळख घडवली. त्यातील काहींच्या कविता 'सत्यकथे'तही येत होत्या, हे लक्षात घेऊनही हा भेद उरतो.

समीक्षेच्या क्षेत्रात मात्र दोन्ही परंपरा एकमेकींच्या जवळ येतात. ए. ई. व्हॅन व्होक्ट या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबरीकाराची कठोर चिकित्सा डेमन नाइट यांनी १९४५ मध्ये केली ती एका हौशी पत्रिकेत. ती पुढे १९५६ मध्ये 'इन सर्च ऑफ वंडर' या ग्रंथात समाविष्ट झाली. भालचंद्र नेमाडे यांचा 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा लेख 'वाचा'मध्ये आला. त्यांच्या 'टीकास्वयंवर' या लेखसंग्रहाला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जाहिरातदार, वर्गणीदार आणि लेखकवर्ग यांची मर्जी राखण्याची गरज नसलेल्या पानावर निर्भीड समीक्षा संभवते, हे दोन्हीकडे दिसते. 'हौशी' या शब्दाला मराठीत चिकटलेला कच्चेपणाचा अर्थ येथे लागू पडत नाही.

स्थळाचा प्रश्नही याच संदर्भात तपासला पाहिजे. ली हॉफमन यांनी 'क्वान्ड्री' ही गाजलेली पत्रिका (१९५०-५३) चालवली ती न्यूयॉर्कहून नव्हे, तर जॉर्जियातील सव्हाना या गावाहून. मराठवाड्यातील लेखकाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेले बी. रघुनाथ (१९१३-१९५३) परभणीच्या सरकारी कचेरीत नोकरी करीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. हा प्रदेश तेव्हा हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होता आणि मराठी वाङ्मयाची केंद्रे मुंबई-पुण्याला होती. त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने 'शब्द' निघाले, तेही मुंबईत. साठच्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेहून 'वाचा' निघाले आणि 'अस्मितादर्श'ही तेथूनच सुरू झाले, तेव्हा केंद्राच्या संमतीवाचून बोलण्याची सोय प्रथमच या बाजूला सरकली.

पण सोय झाली म्हणजे प्रवेश खुला झाला, असे नाही. टपालाने येणाऱ्या कागदाला चेहरा नसतो; म्हणून फॅनझिनचे जग सर्वांना सारखेच खुले होते, असे मानण्याचा मोह होतो. ली हॉफमन स्त्री आहेत हे अनेक वाचकांना १९५१ च्या न्यू ऑर्लिन्स संमेलनात प्रत्यक्ष भेटीपर्यंत ठाऊक नव्हते. न्यूयॉर्कमधील 'सायन्सिअर्स' या १९२९ च्या मंडळाचे अध्यक्ष वॉरन फिट्झजेरल्ड हे कृष्णवर्णीय होते आणि मंडळाची बैठक हार्लेममधील त्यांच्या घरी भरली होती. तरीही पन्नाशीच्या दशकात या वर्तुळातील सर्वांत प्रसिद्ध कृष्णवर्णीय लेखक 'कार्ल ब्रँडन' हा १९५३ मध्ये टेरी कार आणि त्यांच्या गोऱ्या मित्रांनी कल्पिलेला होता. प्रत्यक्ष माणूस विस्मरणात गेला आणि त्याची जागा बनावट नावाने घेतली. १९९९ मध्ये वर्णविषयक प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेने तेच नाव धारण केले, तेव्हा ही उणीव उघडपणे मान्य झाली.

याउलट मराठीत, १९६९ साली 'सत्यकथे'चा अंक जाळण्यात अग्रभागी असलेले राजा ढाले हे स्वतः 'येरू'चे संपादक होते. १९७२ मध्ये 'दलित पँथर'च्या उभारणीत ढाले, नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार सहभागी झाले. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहायचे असा प्रघात होता, ते येथे स्वतःच्या नावाने लिहीत, संपादत होते. परंतु या गौरवाला मर्यादा आहे : त्याच अनियतकालिकांत स्त्रियांची नावे अपवादानेच आढळतात. स्वतंत्र मुद्रणाची भाषा करणाऱ्या चळवळीला ही उणीव त्या काळी प्रश्न म्हणूनही जाणवलेली दिसत नाही.

म्हणून अनियतकालिकांचा इतिहास केवळ त्यांतून पुढे आलेल्या ग्रंथांवरून लिहिणे अपुरे आहे. चक्रमुद्रित कागद ठिसूळ असतो आणि ग्रंथालयांच्या बांधीव खंडांत त्याला सहसा स्थान मिळालेले नाही. परभणी-नांदेडच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याची या चळवळीशी गाठ पडते ती बहुधा निवडक संग्रहांतून, म्हणजे यशस्वी ठरलेल्यांच्या नावांतून. एकदोनदाच लिहून थांबलेले, केवळ पत्र पाठवणारे, स्टेन्सिल कापणारे यांची गणती त्यात होत नाही. उपलब्ध अंकांची, त्यांतील प्रत्येक नावाची आणि पत्त्याची सूची करणे हे संशोधनाचे पहिले काम आहे. कोण आले होते हे त्या सूचीने कळेलच. पण कोणाला येता आले नाही, हेही तिच्याचमुळे विचारता येईल.